धैर्यवानांचा टाय

"होईल ना, त्यात काय एवढं!" असं श्यामकांत धैर्यवान फिलू टीचरला म्हणाले, तेव्हा पियानोच्या कागदावर डाव्या हाताच्या ओळी वेगळ्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या असतात, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की खोताच्या वाडीच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या दहा बाय आठच्या खोलीत आपला एक कॉम्प्युटर आहे, बाहेर ‘सुमती कॉम्प्युटर्स : सर्व प्रकारचे टायपिंग’ अशी पाटी आहे, आणि त्यातले ‘सर्व प्रकारचे’ हे शब्द आपण पेंटरशी वाद घालून रंगवून घेतले आहेत. आता पाटीवर लिहिलेलं नाकारायचं कसं?

साल दोन हजार एक. धैर्यवानांचं वय त्रेसष्ट. लग्नपत्रिका, दहाव्याची निमंत्रणं आणि सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं यांवर दुकान चाले. त्याआधी बावीस वर्षं ते परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. ब्याऐंशीचा संप झाला, तेव्हा कामगार बाहेर आणि स्टाफ आत अशी वाटणी झाली. धैर्यवान स्टाफ. त्यामुळे ते दीड वर्ष रोज वेळेवर गिरणीत जात, पंखा लावत आणि रिकाम्या खात्यांच्या मस्टरवर लाल शाईने ‘गै.’, ‘गै.’, ‘गै.’ असं हजारो नावांपुढे लिहीत बसत. एवढ्या लोकांची इतकी नियमित गैरहजेरी मुंबईत दुसऱ्या कुणी मांडली नसेल. पुढे गिरणी काही वर्षं आचके देत राहिली आणि बंद पडली. अक्षर मात्र सुंदर झालं.

फिलोमिना डिमेलो, म्हणजे फिलू टीचर, वाडीतल्या लाकडी जिन्याच्या घरात एकट्या राहत. वय शहात्तर. गिरगावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी पियानो शिकवला होता. आता डोळ्यांच्या मधोमध काळोख धरला होता. कडेकडेचं थोडं दिसे, समोरचं माणूस दिसत नसे. त्यांचा भाऊ इग्नेशियस धैर्यवानांच्याच गिरणीत फिटर होता. संपाच्या दिवसांत हाताला काम नाही म्हणून त्याने पियानोसाठी एक रचना लिहिली. आयुष्यात एकच. सहा वर्षांपूर्वी तो गेला. आता फोर्टातली एक संगीतसंस्था मुंबईतल्या लोकांनी लिहिलेल्या पियानोरचनांचं पुस्तक काढणार होती. अट अशी, की हस्तलिखित चालणार नाही, संगीताच्या सॉफ्टवेअरवर नीट उतरवून पाठवा, ऑगस्टअखेर.

"चार पानं आहेत रे श्याम," फिलू टीचर झेरॉक्स पुढे करत म्हणाल्या. "मला दिसत असतं तर मी तुला त्रास दिला नसता."

"त्रास कसला, टीचर!" धैर्यवान म्हणाले. इग्नेशियसचं नाव ऐकल्यावर त्यांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला होता.

लॅमिंग्टन रोडवरून सॉफ्टवेअरची सीडी आली. ती चालू करण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पडद्यावर पाच आडव्या रेघा उमटल्या, त्यांच्याखाली आणखी पाच, आणि डावीकडे दोघींना धरून ठेवणारा एक महिरपी कंस.

"ह्या पाच रेघांना स्टाफ म्हणतात," फिलू टीचर दुकानातल्या स्टुलावर बसून सांगू लागल्या. "वरचा स्टाफ उजव्या हाताचा, खालचा डाव्या."

"आमच्याकडेही वरचा स्टाफ आणि खालचा स्टाफ असायचा," धैर्यवान म्हणाले. "पण एका कंसात नाही हो बसायचे."

स्वर बसवणं त्यांना जमलं. टाइम ऑफिसची शिस्त होती. कुठला ठिपका कुठल्या रेघेवर, हे टीचर कडेच्या नजरेने भिंग लावून, अडलं तर गुणगुणून सांगत आणि धैर्यवान बसवत. अडचण सुरू झाली ती कमानींपाशी. इग्नेशियसच्या कागदावर ठिकठिकाणी एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत बारीक कमानी काढलेल्या होत्या. धैर्यवानांनी त्या सगळ्या सारख्याच समजून भराभर मारल्या आणि अभिमानाने प्रिंट काढली. टीचरनी भिंगातून एक ओळ पाहिली आणि भिंग खाली ठेवलं.

"श्याम, तू सगळ्यांना स्लर लावलास."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"दोन नोट वेगळ्या असल्या आणि वर कमान असली, तर तो स्लर. बोट न उचलता, सलग वाजवायचं. पण दोन्ही नोट एकच असली तर तो टाय. टाय असला की दुसरी नोट वाजवायचीच नाही. पहिली दाबून धरून ठेवायची."

"वाजवायचीच नाही तर मग लिहायची कशाला?"

"मोजायला. तिचा वेळ भरायला."

हे मात्र धैर्यवानांना चटकन पटलं. वेळ भरायला हजर आहे पण प्रत्यक्ष काम करत नाही, अशी मंडळी त्यांनी टाइम ऑफिसात वर्षानुवर्षं पाहिली होती. त्यांनी सगळ्या कमानी काढून पुन्हा लावल्या. तीन पानं झाली. चौथ्या पानाने मात्र त्यांचा जीव घेतला.

चौथ्या पानाच्या शेवटी डावा हात एक स्वर वाजवतो. बरोबर मधला ‘सी’, खालच्या स्टाफच्या वर एका तुटक रेघेवर टांगलेला. मग घर संपल्याची उभी रेघ, आणि पुढे शेवटच्या घरात उजव्या हाताला एकच स्वर. तोही तोच मधला ‘सी’, पण आता वरच्या स्टाफच्या खाली टांगलेला. पियानोवर पट्टी एकच. कागदावर पत्ते दोन. आणि ह्या दोघांना जोडणारी एक लांबलचक कमान, खालून निघून वर गेलेली.

"तो टाय आहे," टीचर म्हणाल्या. "डाव्या हाताने वाजवायचं, मग न उचलता उजवं बोट हळूच त्याच पट्टीवर आणायचं, डावं काढून घ्यायचं, आणि आवाज विरेपर्यंत धरायचं. इग्गीने शेवट असा केला. लोक रडायचे, श्याम."

धैर्यवानांनाही रडू येत होतं, पण कारण वेगळं होतं. सॉफ्टवेअरला एका स्टाफवरून दुसऱ्या स्टाफवर टाय जातो हेच मान्य नव्हतं. खालच्या ‘सी’वर टाय लावला की कमान निघे, दोन बोटं पुढे जाई आणि पलीकडे त्याच स्टाफवर जोडीदार न दिसल्यामुळे हवेत तशीच लोंबकळत राही. स्लर लावून बघितला, तर तो उलटा होऊन मिशीसारखा दोन्ही स्टाफवर पसरला. स्वरच उचलून वरच्या स्टाफवर नेला, तर खालचं घर रिकामं पडलं, सॉफ्टवेअरने तिथे न विचारता विश्रांतीच्या खुणा भरल्या आणि ‘ह्या घरात मात्रा जास्त आहेत’ अशी सूचना लाल अक्षरांत दिली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे लाल अक्षरं लिहिलेल्या माणसाला स्वतःच्या कामावर लाल अक्षरं बघणं सोपं जात नाही.

सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. सुमतीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, प्रिंट काढा आणि कमान पेनाने ओढा. मेहंदीच्या कोनासारखी." शेजारच्या शिंप्याने आपली वळणदार पट्टी आणून पडद्यावर लावून पाहिली, बाहीची गोलाई चालेल म्हणाला. आणि कोंडीराम तर रोजचाच. कोंडीराम लालबागचा, त्याच गिरणीतला विणकर; संपानंतर सात-आठ धंदे करून आता वाडीतल्या एका इमारतीचा वॉचमन होता. दुपारी दुकानात येऊन फुकटचा पेपर वाचायचा आणि पडद्याकडे बघत बसायचा.

"सायेब, वरचा आन् खालचा जोडायला ती मशीन तयार नाय," तो म्हणाला. "मालकाची दिसतीया."

"कोंडीराम, ही तांत्रिक अडचण आहे."

"तवा पन असंच म्हनायचे."

धैर्यवानांनी पेपर त्याच्या हातून घेऊन घडी घातली. अपमान गिळण्याची ही त्यांची ठरलेली पद्धत होती.

शेवटी नवव्या दिवशी युक्ती सापडली. खालच्या स्टाफवर, पुढच्या घरात एक खोटा ‘सी’ बसवायचा, टाय त्याला लावायचा, मग तो खोटा स्वर अदृश्य करायचा आणि कमानीचं टोक माऊसने धरून हळूहळू वर, खऱ्या ‘सी’पाशी ओढत न्यायचं. माऊस जरा हलला की कमान मोडे. अकराव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता कमान जागेवर बसली. धैर्यवान खुर्चीत मागे रेलले आणि सुमतीबाईंना म्हणाले, "असं काम मुंबईत कुणाला येत नसेल." सुमतीबाईंनी विचारलं, कोळंबी आज खाणार की उद्या.

फोर्टातल्या संस्थेत सरोजिनी मॅडम बसत. आडनाव ऐकताच धैर्यवानांनी नातं काढलं. दोघंही पाठारे प्रभू. चुलत सासऱ्यांच्या बाजूने काहीतरी लागत होतं. त्यामुळे काम सोपं होण्याऐवजी अवघड झालं, कारण नातेवाइकांना सवलत दिली असं कुणी म्हणू नये, ह्याची मॅडमना फार काळजी.

"सही चौकटीत करा," त्या अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या. "तुमची सही पार डावीकडच्या रकान्यात गेलीय."

धैर्यवानांची सही म्हणजे नाव छोटं आणि शेवटच्या अक्षरातून निघून मागे डावीकडे वर चढत जाणारा मोठा बाक. तरुणपणी त्यांनी सराव करून कमावलेली गोष्ट. त्यांनी दुसऱ्या अर्जावर चौकटीत मावेल अशी सही केली. ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

पंधरा दिवसांनी चारही पानं परत आली. शेवटच्या कमानीभोवती लाल पेन्सिलचं वर्तुळ होतं आणि शेरा होता : ‘एका स्टाफवरून दुसऱ्यावर जाणारा टाय संशयास्पद. मूळ हस्तलिखित सादर करावे.’

संशयास्पद! धैर्यवानांनी तो शब्द सुमतीबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. अकरा दिवस ज्या कमानीसाठी मान मोडली, ती संशयास्पद. ते तरातरा फिलू टीचरकडे गेले.

चौथं मूळ पान एका जाड ड्रॉइंग बुकात डकवलेलं होतं. इग्नेशियसनेच डकवलं होतं, अगदी चारही कडांनी, घट्ट. संस्थेला सुटं पान हवं होतं. धैर्यवानांनी टीचरच्या टेबलावर कापूस ओला करून डिंक भिजवला आणि श्वास रोखून पान सोडवायला घेतलं. दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून चांगला उजेड येत होता. टीचर समोरच्या खुर्चीत बसून विचारत होत्या, "फाटलं नाही ना रे?"

"नाही, टीचर."

पान सुटलं. त्यांनी ते वाळवायला उलटं केलं.

मागच्या बाजूला गिरणीचं छापील पत्र होतं. स्वस्त, पातळ कागद. वर गिरणीचं नाव, खाली चक्रमुद्रित मजकूर, मधल्या गाळलेल्या जागा शाईने भरलेल्या. ‘श्री. इग्नेशियस डिमेलो, बिल्ला क्रमांक ४१७. आपण कामावर सतत गैरहजर असल्याने आपले नाव मस्टरवरून कमी करण्यात येत आहे.’ आणि सर्वांत खाली, ‘हजेरी तपासली’ ह्या शब्दांपुढे निळ्या-काळ्या शाईत एक लहान नाव आणि त्यातून निघालेला मोठा, ऐटबाज बाक. बाक दाबून मारलेला, तेवढी फाउंटन पेनची शाई कागदातून पार झिरपली होती.

धैर्यवानांनी पान उजेडासमोर धरलं. बाक खालच्या ‘सी’पासून निघून वरच्या ‘सी’पाशी पोहोचत होता. अगदी नेमका.

अकरा दिवस ते स्वतःची सही काढत बसले होते.

"मागे काय आहे?" टीचरनी विचारलं.

"काही नाही," धैर्यवान म्हणाले. "गिरणीचा कागद." आणि पान वाळू द्यायला हवं असं काहीतरी बोलून ते ड्रॉइंग बुकासकट बाहेर पडले.

दुकानात कोंडीराम होता. धैर्यवानांचं तोंड बघून त्याने पेपर खाली ठेवला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना बसवेना. त्यांनी पान त्याच्या पुढ्यात टाकलं.

"हे पत्र माझ्याकडं पन हाय," कोंडीराम शांतपणे म्हणाला. "बिल्ला नंबर तेवढा दुसरा."

"आणि सही?"

"सही तीच की. तुमचं शेपूट सगळी गिरनी ओळखती, सायेब."

"म्हणजे तुला माहीत होतं? इतकी वर्षं इथे येऊन बसतोस, चहा पितोस..."

"मग कुठं बसू?" कोंडीराम म्हणाला. "वळखीचं तेवढंच दुकान हाय."

धैर्यवानांना त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. घरी सुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कधी नव्हे ते हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सांगून या," त्या म्हणाल्या.

"कमान तशीच ठेवली तर काय बिघडतं? अठरा वर्षं त्या तसंच वाजवतायत. लोकांना आवडतं. त्यांना दिसतही नाही..."

"म्हणूनच म्हणते, सांगून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास धैर्यवान लाकडी जिना चढले. वाटेत त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रस्तावना तयार केल्या होत्या. पहिलीत ‘व्यवस्थापनाचा आदेश’ होता, दुसरीत ‘त्या वेळची परिस्थिती’, तिसरीत नुसतं दुःख. प्रत्यक्षात टीचरनी "वाच काय लिहिलंय ते" एवढंच म्हटलं आणि तिन्ही प्रस्तावना जिन्यावरच राहिल्या. त्यांनी पत्र वाचलं. ‘हजेरी तपासली’पाशी थांबले.

"पुढे?"

"श्या. धैर्यवान."

मग कमानीचंही सांगितलं. शाई झिरपली आहे. कमान इग्नेशियसची नाही. टाय नाहीच.

 फिलू टीचर उठल्या, टेबलाची कड धरत पियानोपाशी गेल्या आणि उभ्याउभ्याच शेवटची ओळ वाजवली. डाव्या हाताने ‘सी’. तो धरून न ठेवता सोडला. मग उजव्या हाताच्या एका बोटाने पुन्हा तोच ‘सी’, हलका, एकटा. खोलीत तो थोडा वेळ राहिला.

"लूम्सच्या खडखडाटात बावीस वर्षं काढून त्याला ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी वाजवायची, तो पियानोवर हात ठेवून उभा राहायचा. मी बोटं उचलली की मान हलवायचा. शेवटची नोट मी वाजवलीच नाही, हे त्याला कळलंच नसणार." त्यांनी झाकण लावलं. "तो टाय काढून टाक. आणि आता जा तू."

टाय काढायला दोन मिनिटं लागली. पण पानं दुरुस्त करून दिली तरी सरोजिनी मॅडमना तेवढ्याने चालेना.

"आधी टाय घालून पानं पाठवता, आता काढा म्हणून अर्ज!" त्या म्हणाल्या. "मुदतीनंतरच्या बदलाला लेखी कारण लागतं. कमिटीसमोर ठेवावं लागेल."

धैर्यवानांनी अर्ज घेतला. त्यात ‘बदलाचे कारण’ असा रकाना होता. ‘तांत्रिक चूक’ लिहिलं आणि खोडलं. ‘अनवधानाने’ लिहिलं, तेही खोडलं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग धैर्यवानांनी त्या सुंदर अक्षरात लिहिलं : ‘सदर कमान रचनाकाराची नसून माझी आहे.’

मॅडमनी वाचलं. "म्हणजे काय?"

"तेवढंच," धैर्यवान म्हणाले.

कमिटीने मंजुरी दिली. कारण समजून घेण्याची तसदी बहुधा कुणी घेतली नाही.

त्यानंतर तीन महिने फिलू टीचर दुकानासमोरून गेल्या तर काठी पलीकडच्या कडेने टेकत जात. धैर्यवानांनी पाटीवरचे ‘सर्व प्रकारचे’ हे शब्द पुसून टाकावेत का, असं सुमतीबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत राहिल्या. डिसेंबरात पुस्तकाच्या प्रकाशनाचं आमंत्रण आलं. टीचरना एकटीने फोर्टला जाणं शक्य नव्हतं. सुमतीबाई स्वतः जाऊन त्यांना सांगून आल्या, की टॅक्सी साडेपाचला येईल आणि आमचे हे सोबत असतील. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

हॉल अर्धा रिकामा होता. भाषणं लांबली. पाहुण्यांनी इग्नेशियसचं आडनाव चुकीचं घेतलं. मग एका तरुण मुलीने ती रचना वाजवली, छापील पानावरून, जशी लिहिली होती तशी. शेवटी डाव्या हाताचा ‘सी’ आला, संपला, लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि तेवढ्यात उजव्या हाताचा ‘सी’ पुन्हा एकदा वाजला. हात तसेच हवेत राहिले. पहिल्या रांगेत फिलू टीचर ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. कुणाकडे बघून, ते सांगता येणार नाही.

परतीच्या टॅक्सीत त्या ठाकूरद्वार येईपर्यंत पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. पुस्तक मांडीवर होतं. मग समोर बघत म्हणाल्या, "श्याम, त्या पत्रावर सही करताना नाव वाचलं होतंस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर धैर्यवानांकडे तयार होतं. पत्रं हजारच्या वर होती, दोन दिवसांत उरकायची होती, मॅनेजर डोक्यावर उभा होता. हे सगळं खरंही होतं.

"वाचलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग बाक मारला आणि पुढचं पत्र घेतलं."

टॅक्सी वाडीच्या तोंडाशी थांबली. धैर्यवानांनी उतरून पलीकडचं दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरून उभे राहिले. टीचरनी आधी काठी बाहेर काढली, मग पुस्तक काखेत घेतलं. दगडी फरशीवर काठीने दोनदा चाचपलं, पायरी सापडेना.

"उभा काय राहिलास," त्या चिडून म्हणाल्या, "हात दे. मला दिसत नाही."